खरखर तेवीस

दुकान उघडलं त्या दिवशी मागच्या खोलीत चौसष्ट घोंगड्या होत्या. काळ्या एक्केचाळीस, पांढऱ्या पट्ट्याच्या सोळा, करड्या सात. पिंजलेल्या लोकरीची पोती नऊ, चिंचोक्यांचे डबे चार, चरखे पाच, त्यांतला एक मोडका. माग तीन. चालू माग एक. तो चालवणारे हात दोन, वय वर्षं एक्काहत्तर.

शिवलीलेनं हे सगळं दोनदा मोजून फोनमध्ये भरलं. लग्नाआधी ती दहिवडीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकली होती, आणि मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही तिथली सवय म्हसवडला सासरी येऊनही सुटली नव्हती. नवरा सिद्धेश्वर पवनचक्क्यांच्या देखभालीवर, आठवड्यातून दोन दिवस घरी. बाकीचे दिवस घरात ती आणि तिचे सासरे, रेवाप्पा. मागावर बसणारा त्या गल्लीतला शेवटचा माणूस. गेल्या दोन वर्षांत सगळ्या यात्रा मिळून त्यांच्या अकरा घोंगड्या खपल्या होत्या. म्हणून शिवलीलेनं महापेठेत दुकान टाकलं. महापेठ म्हणजे फोनमधला बाजार. तिथं माणूस भेटत नाही, मुनीम भेटतो. मुनीम म्हणजे यंत्राचा आवाज, अतिशय नम्र.

"ताई, नव्या दुकानाची साठ दिवस परीक्षा असते," मुनीमानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "साठाव्या दिवशी संध्याकाळी सहाला मोजणी. ग्राहकाच्या हाती पोचलेल्या मालापैकी परत आलेला माल वीस टक्क्यांपर्यंत असेल, तर दुकान कायम. वीसच्या वर गेला, तर दुकान बंद. त्या पत्त्यावर तीन वर्षं दुसरं दुकान निघत नाही."

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या रेवाप्पांनी ते ऐकलं. "तीन वर्सांनी हे हात कुणी बघितल्यात?" ते म्हणाले आणि आडव्या धाग्याचा धोटा फेकला.

पहिल्या एकोणीस दिवसांत दुकानात चार जण डोकावले. घोंगडी एकही गेली नाही.

"फोटो उत्तम आहेत, ताई," मुनीम म्हणाला. "पण हात लावल्याशिवाय घोंगडी तुम्ही तरी घ्याल का?"

हात लावायची सोय नव्या फोनांत होती. बोटाला खरखर कळते ती नुसत्या टेकण्यानं नाही, घासण्यानं. या फोनांच्या काचेवर विजेचा एक पारदर्शक थर असतो. त्यातला विद्युतदाब सेकंदाला शेकडो वेळा बदलला, की बोटाची कातडी काचेकडे कधी किंचित ओढली जाते, कधी सुटते. काच गुळगुळीतच राहते. बोटाला मात्र तिथं धागे लागतात. उबेचंही तसंच. काच बोटातली उष्णता पटकन शोषते म्हणून थंड लागते. लोकर शोषत नाही म्हणून ऊबदार. खालचा दुसरा थर बोटाखालची जागा लोकरीइतकीच कोमट ठेवतो. एवढा पुरावा मेंदूला पुरतो. काचेला हात लावणारा माणूस शपथेवर सांगेल की आपण लोकरीला हात लावला.

नमुना घ्यायचं यंत्र चार दिवसांच्या भाड्यानं आलं. खोक्यातून निघालं एक रबरी बोट, खाली रेघारेघांचं, आत बारीक संवेदक भरलेले. ते कापडावरून फिरवायचं, की प्रत्येक सेंटिमीटरला हजारभर मोजमापं नोंदली जायची आणि शेवटी एक आकडा यायचा, खरखर-अंक. काचेचा शून्य, नारळाच्या शेंडीचा शंभर.

सूत कातायला येणाऱ्या सोनाक्कांनी खोक्यात डोकावून पदर तोंडाला लावला. "अगं बया! हे कुणाचं तोडून आणलंस?"

"खोटं बोट हाय, सोनाक्का."

"खऱ्या बोटांनी कातून कातून आमची सालं निघाली, अन् भाव आला खोट्याला."

शिवलीलेनं मागाकडं पाहून विचारलं, "मामा, आपल्याकडची सगळ्यात चांगली घोंगडी कुठली?"

रेवाप्पांनी क्षणभरही विचार केला नाही. हनुवटीनं आपल्या बाजेकडं दाखवलं. "ती."

ती म्हणजे चौतीस वर्षांची काळी घोंगडी. सासूबाईंची. गंगव्वा जाऊन सहा वर्षं झाली होती. घोंगडी बाजेवर घडी घालून असायची. सोनाक्कांनीही मान डोलावली. चांगली म्हटल्यावर हीच की. त्या गल्लीत कुणालाही विचारलं असतं तरी बोट तिकडंच गेलं असतं. शिवलीलेनं रबरी बोट त्या घोंगडीवरून सावकाश फिरवलं. आकडा आला, तेवीस.

नमुना दुकानात चढवला त्या दिवशी दोनशे बारा जणांनी हात लावला. त्यानंतर आठव्या दिवशी आकडा पाच हजारांच्या वर गेला. लोक एकदा हात लावून जात नव्हते, परत परत येत होते. अडतिसाव्या दिवसापर्यंत अठ्ठावन्न घोंगड्यांची मागणी आली आणि अठ्ठावन्न रवाना झाल्या. सोनाक्का गठ्ठे शिवून शिवून थकल्या. सिद्धेश्वर सुट्टीवर आला तेव्हा त्यानं दुसऱ्या मागावरची धूळ झटकली आणि वडलांसमोर पायडीवर पाय ठेवून पाहिला. त्या दिवशी रेवाप्पा दोन्ही वेळा जेवताना हसले.

मग पहिली घोंगडी परत आली. कारण लिहिलं होतं: नमुन्यासारखी नाही.

दुसरी, तिसरी. टोचते. ताठ आहे. नमुन्यासारखी नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी अकरा परत आल्या होत्या. अठ्ठावन्नपैकी अकरा म्हणजे एकोणीस टक्क्यांना जरासे कमी. आणि परत करायची पंधरा दिवसांची मुदत अजून चोवीस जणांची शिल्लक होती. त्यांतल्या एकानं जरी परत केली, तरी वीसची रेघ ओलांडली जाणार होती.

महापेठेनंच नमुन्यात काहीतरी केलं असणार, असं शिवलीलेला वाटलं. तिनं रबरी बोट पुन्हा भाड्यानं मागवलं आणि परत आलेल्या घोंगडीवरून फिरवलं. एक्काहत्तर. दुसऱ्या घोंगडीवर, एक्काहत्तर. न विकलेल्यावर, बहात्तर. मग बाजेवरच्या घोंगडीवर. तेवीस.

तिनं दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात, नाहीतर धागे मागावर तुटतात. ती खळ घोंगडीत राहते, म्हणून नवी घोंगडी ताठ आणि टोचरी. वर्षानुवर्षं अंगाखाली, पावसात, झटकण्यात ती निघत जाते. हे तिला माहीत होतं. गल्लीतल्या पोरासोराला माहीत होतं. इतकं माहीत होतं की कुणाला सांगायचं सुचलंच नव्हतं.

"नवी कधी मऊ असती का?" रेवाप्पा हसले. "नवी घोंगडी अन् नवा जावई, दोन्ही टोचायचीच. बसता बसता वळणाव येत्यात. लोकांना एवढंबी ठावं न्हाई?"

"न्हाई मामा. त्यांनी नमुन्याला हात लावला, अन् नमुना..." तिनं फोन पुढं केला. "तुम्हीच बघा."

त्यांनी खळीनं तडकलेलं बोट काचेवर ठेवलं. सरकवलं. हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं, पण आतून विझलं. बोट डावीकडं गेलं, कडेशी आलं आणि थांबलं.

ती जागा शिवलीलेच्या ओळखीची होती. लोकांची बोटं कुठं किती वेळ रेंगाळतात, याचा नकाशा महापेठ दुकानदाराला देते. त्या नकाशात नेमका तिथंच तांदळाएवढा गडद ठिपका होता. बाकी ठिकाणी बोटं अर्धा सेकंदही टिकत नव्हती. तिथं सरासरी तीन सेकंद थांबत होती. का, ते तिला उमगलं नव्हतं.

"रफू हाय हितं," रेवाप्पा म्हणाले. "चुलीची ठिणगी पडली हुती. सिद्धूच्या बाळंतपणात. मी तवा रागात हुतो, आठ दिस तिच्यासंगं बोललो नव्हतो. धागा माझ्याकडं मागायला लागू नये म्हणून तिनं सोताच्या केसांनी शिवली."

केस लोकरीपेक्षा गुळगुळीत. खरखरीवरून बोट अचानक गुळगुळीतावर आलं की थबकतं. शिवलीलेला ठिपक्याचं कारण कळलं, आणि ते कळल्याचा आनंद तिला करता आला नाही.

"किती जणांनी हात लावला हिला?"

"मामा..."

"तू मोजतीस की सगळं. किती?"

"चौदा हजार तीनशे सहा."

रेवाप्पांनी बोट काचेवरून उचललं आणि धोतराला पुसलं. "पाव्हण्यालाबी कधी पांघराय दिली न्हाई मी ही. काढ ते."

"काढते," शिवलीला म्हणाली.

तिनं मुनीमाला विचारलं. मुनीम नेहमीसारखा नम्र होता. "नमुना काढू नका, ताई. उलट दुकान पुढं आणूया. या नमुन्यावर रोज पाच-सहा घोंगड्या सहज जातील. परत आलेल्याच झटपट पुढं पाठवा. पोचलेल्यांची संख्या वाढली की टक्का खाली येतो. नव्या ग्राहकांची परत करायची मुदत साठ दिवसांनंतर संपेल. तोपर्यंत तुमचं दुकान कायम झालेलं असेल."

"म्हणजे त्यांनाही टोचणारच."

"हो. पण मोजणीनंतर."

तिनं मनातल्या मनात गणित करून पाहिलं. बरोबर होतं. एका जागीही चूक नव्हती. नमुना तिनं त्या दिवशी काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन दिवसांत पाच मागण्या आल्या आणि तिनं पाच गठ्ठे बांधून दारापाशी ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेवाप्पांनी विचारलं, "काढलंस का गं?"

"व्हय, मामा."

"बरं." ते चार पावलं गेले आणि परत आले. "सोनाक्काच्या लेकाकडं तसला फोन हाय. आत्ता त्याच्या दारात मी बोट लावून आलो. काढलंस म्हणतीस, मग बोटाला गंगू कशी लागली?"

सोनाक्का चरख्यावर होत्या. चरखा थांबला.

शिवलीला जागची उठली. "मामा, काढला तर दुकान जाईल. माग जाईल तुमचा. तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी म्हणून माझ्याशी खोटं?" आवाज चढला नव्हता. "मी आठ दिस बोललो न्हाई तिच्याशी, तर तिनं केस उपटलं पन माझ्याम्होरं लबाडी केली न्हाई. दुकान जाऊ दे."

तिनं त्यांच्यासमोर फोन उघडला आणि नमुना पुसला. मग पाचही ग्राहकांना एकेक करून कळवलं, की तुम्ही ज्याला हात लावला तो माल आमच्याकडं विकायला नाही. पाचही मागण्या तिनं स्वतः रद्द केल्या. दारापाशी बांधून ठेवलेले गठ्ठे सोनाक्का उसवू लागल्या.

"त्याची एक प्रत फोनमध्ये ठेवता येते, मामा," ती खाली बघत म्हणाली. "बाहेर जाणार न्हाई. फक्त तुमच्यासाठी."

"कशाला? घोंगडी हाय की घरात."

त्या दुपारी ते जेवायला आले नाहीत. ताट तिनं मागापाशी नेऊन ठेवलं. त्यांनी ते खाल्लं, पण ती तिथून उठल्यावर.

उरलेल्या चोवीस ग्राहकांच्या हातात टोचणारी घोंगडी होती आणि बोटात मऊ घोंगडीची आठवण. दोन्हींच्या मध्ये चौतीस वर्षं होती, आणि ती कुणी दाखवली नव्हती. दाखवता येतील का? शिवलीलेनं सोनाक्कांना विचारलं, "गावात रेवाप्पांच्या हातच्या घोंगड्या कुणाकुणाकडं हायत? कधी घेतल्या, ते नक्की ठाऊक असणारी माणसं पाहिजेत."

"मेंढक्यांना कशाचंबी साल इचार, सांगत्यात," सोनाक्का म्हणाल्या. "दुष्काळाच्या आदल्या साली, थोरलीच्या लगनात, बोकड मेला त्या साली."

दोघी रबरी बोट घेऊन माणगंगेच्या काठानं वाड्यावस्त्यांवर फिरल्या. एका वाड्यावर मेंढक्यानं घोंगडी खांद्यावरून उतरवायलाच नकार दिला. "अंगावर हाय तवाच मोज. उतरवली की तिचा मिजास बदलतोय." त्याच्या पाठीवरूनच बोट फिरवावं लागलं. एक वर्षाची घोंगडी, त्रेसष्ट. तीन वर्षांची, बावन्न. सात वर्षांची, चाळीस. बारा वर्षांची, एकतीस. शिवलीलेनं आकडे कागदावर मांडून रेघ जोडली. रेघ सुरुवातीला झपझप उतरत होती आणि पुढं सावकाश. कुठंही वर चढत नव्हती. बाराच्या पुढची घोंगडी तिच्या माहितीत एकच होती, आणि ती बाजेवर होती.

तिनं दुकानात पाच नमुने चढवले: नवी, एक वर्ष, तीन, सात, बारा. सुरुवात नव्यापासून. एक्काहत्तरचा नमुना बोटाला आधी टोचल्याशिवाय पुढचे उघडणार नाहीत, अशी मांडणी केली. मग चोवीस जणांना तेच पाचही नमुने पाठवले आणि खाली लिहिलं: आधीचा नमुना चौतीस वर्षं वापरलेल्या घोंगडीचा होता. चूक आमची. तुमची घोंगडी आज अशी आहे आणि वापरलीत तर पुढं अशी होईल. नको असेल तर आजपासून पंधरा दिवसांत परत करा.

"ताई," मुनीम म्हणाला, "ग्राहकाला परत करायची आठवण करून देणारं दुकान माझ्या नोंदीत दुसरं नाही."

"मग नोंद करून ठेव."

दुकानात हात लावणारे दिवसाला चाळीसवर आले. त्यांतले बहुतेक पहिल्याच नमुन्यावर बोट काढून घेत. चोवीसपैकी सात जणांनी उत्तर दिलं. नगरच्या एका बाईंनी लिहिलं, टोचते खरी, पण सासऱ्यांच्या कंबरेला बरी वाटतेय, ते सोडत नाहीत. पिंपरीच्या एकानं लिहिलं, बारा वर्षं कोण थांबणार हो? त्यानं परत केली नव्हती, पण त्याची मुदत साठाव्या दिवसापर्यंत होती. शिवलीला रोज सकाळी उठून आधी त्याचं नाव बघायची.

नव्या नमुन्यांवर पंधरा दिवसांत तीन मागण्या आल्या: सातारा, अमरावती, फलटण. अठ्ठावन्नाव्या दिवशी साताऱ्याची पोचली. एकोणसाठपैकी अकरा.

साठाव्या दिवशी दुपारी बाराला पिंपरीच्या माणसानं घोंगडी परत केली.

एकोणसाठपैकी बारा. वीस पूर्णांक तीन.

शिवलीलेनं अमरावतीचा गठ्ठा कुठं आहे ते पाहिलं. वाटेत, दोन दिवस दूर. फलटणचा गठ्ठा दहिवडीच्या गोदामात पडून होता, गाडी उद्या. ती मागापाशी गेली. नमुना पुसल्यापासून रेवाप्पा तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

"मामा, सहाच्या आत अजून एक घोंगडी पोचली, तर साठपैकी बारा होतील. वीस. वीसपर्यंत चालतं. फलटणची बाई हाय, पण गठ्ठा अडकलाय. गिऱ्हाइकानं हातात घेऊन पोच दिली की झालं, कुणी नेली ते महापेठ विचारत न्हाई. मी गेले असते, पण आज मोजणीला दुकानदार दुकानाच्या पत्त्यावर हजर लागतोय."

रेवाप्पांनी धोटा खाली ठेवला. "पत्ता लिहून दे. दीडची फलटण गाडी हाय."

ते खांद्यावर नवी घोंगडी टाकून, सिद्धेश्वरचा जुना फोन खिशात घालून निघाले. गाडी विजेची होती. दहिवडीला चार्जिंगच्या रांगेत पाऊण तास गेला. शिवलीला नकाशावरच्या ठिपक्याकडं बघत उंबऱ्यात बसली. सोनाक्का शेजारी बसल्या, रिकाम्या हातांनी.

पाच वाजून एकतीस मिनिटांनी फोन आला. मागून भांड्यांचा आवाज येत होता.

"पोचलो गं. बाई शाळंत मास्तरीण हाय. नाळे म्हणून. लई मायाळू. चहा टाकलाय."

"मामा, चहा नंतर! आधी त्यांना पोच द्यायला सांगा. त्यांच्या फोनवर बोट लावायचं, बास."

"आसं कसं? आधी हातात तर घेऊ दे तिला."

फोन सुरू राहिला. घडी झटकल्याचा आवाज आला. मग बाईंचा, "अगंबाई, ही तर फारच टोचते हो काका. नमुन्यापेक्षा जास्तच."

शिवलीलेनं डोळे मिटले. पाच एकोणचाळीस.

"टोचंल," रेवाप्पांचा आवाज आला. "खोटं कशाला सांगू? तीन वर्सं तर टोचंलच. काचंवर बोट लावताय तवा एकच बोट लागतंय, पांघरल्यावर आख्खं अंग."

"मामा!" शिवलीला फोनवर ओरडली. त्यांना ऐकू गेलं नाही.

"मग माणसानं घ्यावीच का?" बाई हसत होत्या, पण प्रश्न खरा होता.

चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. पाच शेहेचाळीस.

"म्या इणली तवा माझ्या बायकूनं हेच इचारलं हुतं," रेवाप्पा म्हणाले. "मला तवाबी सांगता आलं न्हाई. टोचती म्हणून तिनं पहिलं वरीस खाली हातरली. दुसऱ्या वर्सापास्नं वर घेतली. तुमी बी तसंच करा. न्हाई पटलं तर पंधरा दिसात माघारी धाडा. मी न्यायला यीन."

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. बाई कुणाला तरी विचारत होत्या, फोन कुठं ठेवलाय गं माझा? एक लहान मुलगी म्हणाली, चार्जिंगला. पावलं गेली. पावलं आली.

"कुठं लावायचं बोट, काका?"

"लिले, कुठं लावायचं म्हणत्यात?"

"खाली, हिरव्या गोलात, मामा. हिरव्या गोलात!"

पाच सत्तावन्न. सोनाक्कांनी शिवलीलेचं मनगट धरलं होतं.

सहा वाजता मुनीम बोलला. "मोजणी पूर्ण झाली, ताई. पोचलेला माल साठ. परत आलेला माल बारा. परतावा वीस पूर्णांक शून्य टक्के."